पातळ अंगाच्या गिटारीच्या शोधात: एक दिवस, तीन दुकानं

उजव्या खांद्यामुळे हा प्रवास घडला. अकरा वर्षं मी ड्रेडनॉट वाजवते आहे, म्हणजे ती रुंद, खोल पेटीची गिटार. मार्टिन कंपनीने ती १९१६ साली बनवायला घेतली आणि तिला नाव मिळालं ते एका अवाढव्य ब्रिटिश युद्धनौकेचं. मांडीवर घेतली की नाव पटतं. घरची गिटार मी टेपने मोजली, तर खालच्या टोकाला जाडी १२ सेंटिमीटरच्या वर भरली. तेवढ्या जाडीवरून हात पुढे टाकायचा म्हणजे कोपर वर आणि खांदा कानाकडे. ताईच्या गाण्याला मी साथ करते. दोन तासांची तालीम झाली की खांदा भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी हात वर नेताना कळ येते.

"आता गिटार बदल बाई," ताई म्हणाली. "आणि मी येते बरोबर. समोर बसून जे ऐकू येतं, ते तुला वाजवताना ऐकू येत नाही."

तिचं हे म्हणणं दिवसभर उपयोगी पडलं. तुम्ही जाणार असाल तर एक कान बरोबर न्याच. गिटारीचा आवाज समोर जातो आणि वाजवणारी व्यक्ती मागे असते. पातळ पेटीत हा फरक जास्त जाणवतो.

निघण्याआधी पिशवीत भरलं ते असं: माझी स्वतःची केबल, क्लिपचा ट्यूनर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा चिमटा), नेहमीचं प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती), पट्टा, मिलिमीटरच्या खुणांची छोटी स्टीलची पट्टी आणि नऊ व्होल्टचा एक नवा सेल. यातली एकही वस्तू वाया गेली नाही. शिवाय तीन तुकडे ठरवून ठेवले होते. एक संथ, बोटांनी छेडायचा. एक भरघोस स्ट्रमिंगचा, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवायचा. आणि एक ताईच्या पट्टीतला. ती काळी चारमध्ये गाते, म्हणून चौथ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो लावून मी ई पट्टीतल्या कॉर्डचे आकार धरते. हे आधी ठरवायचं कारण असं की दुकानात बसलं की हात त्या त्या गिटारीला शोभेल असंच वाजवायला लागतात, आणि मग प्रत्येक गिटार छान वाटते.

एक गोष्ट नावाबद्दल. अकौस्टिक गिटारीत पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवलेला असेल तर तिला दुकानात बरेचदा 'सेमी-अकौस्टिक' म्हणतात. खरं तर ते नाव पोकळ किंवा अर्धपोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारीचं आहे. फोनवर चौकशी करताना "पिकअपवाली अकौस्टिक, पातळ बॉडीची" असं सरळ सांगा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर भलतीच गिटार पुढे येत नाही.

पहिल्या दुकानात मी चूक केली. भिंतीवर तीन पातळ गिटारी होत्या. मी त्यातली एक काढली आणि केबल न लावता जीचा पूर्ण कॉर्ड वाजवला. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. खरजाच्या तारांना भरणाच नाही. मन खट्टू झालं. आपण खांद्यापायी आवाज गमवायला निघालो आहोत असं वाटलं.

यामागचं कारण साधं आहे. पेटीतली हवाही तारांबरोबर कंप पावते. मोठ्या गिटारीत या हवेचा मुख्य कंप साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि सहाव्या तारेचा तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ९८ हर्ट्झचा. म्हणजे खालच्या स्वरांना हवा टेकू देते. पेटी उथळ झाली की हवा कमी होते, तो कंप वर सरकतो आणि खरजाचा टेकू जातो. महाग लाकूड घेतलं तरी ही गोष्ट पूर्ण टळत नाही.

ताई सहा-सात फुटांवर उभी होती. ती म्हणाली, "तू म्हणतेस तितका वाईट नाही येत इकडे. खरज कमी आहे खरा, पण शब्दांच्या आड येत नाही." मग तिने नुसतं गुणगुणायला सुरुवात केली आणि मी हळू छेडत राहिले. एरवी माझ्या मोठ्या गिटारीचा घुमारा तिच्या खालच्या स्वरांवर बसतो. इथे तिचा आवाज मोकळा राहिला. तेव्हा माझा निकष बदलला. पातळ गिटार घ्यायची ती केबल लावून वाजवण्यासाठी, तेव्हा तिची परीक्षाही केबल लावूनच घ्यायची. केबलशिवायचा आवाज घरच्या सरावापुरता गोड असला की पुरे.

केबल लावण्याआधी अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, नीट बघा. तिथल्या अँपवर रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा) बराच वर होता. रिव्हर्बमध्ये कुठलीही गिटार श्रीमंत वाटते. तो शून्यावर आणला. अँपची आणि गिटारीची बास, मिड, ट्रेबलची बटणं मधोमध ठेवली. आणि अँप अकौस्टिकसाठीचा आहे ना, याची खात्री केली. इलेक्ट्रिक गिटारीच्या अँपमधून अकौस्टिकमधला पिएझो पिकअप ऐकला तर आवाज कोंदट आणि चिरका दोन्ही येतो आणि बिचाऱ्या गिटारीवर अन्याय होतो. मिक्सर आणि साधा स्पीकर असेल तर आणखी चांगलं, कारण कार्यक्रमात बहुधा तेच मिळतं.

त्या दुकानात यामाहाची एपीएक्स ६०० वाजवली. एपीएक्स ही मालिका १९८७ सालापासून चालू आहे. ६००ची खोली ८० ते ९० मिलिमीटर, म्हणजे माझ्या गिटारीपेक्षा तीन-साडेतीन सेंटिमीटरनी कमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण मांडीवर घेताच खांदा खाली आला. तिची तारांची लांबी ६३४ मिलिमीटर आहे. बऱ्याच मोठ्या गिटारींत ती ६४५ ते ६५० असते. त्यामुळे फ्रेट किंचित जवळ येतात आणि तारांचा ताण थोडा हलका होतो. लहान हाताच्या वादकाने ती जरूर वाजवून बघावी. मी थांबले ते नटमुळे, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीच्या रुंदीमुळे. तिथला ४३ मिलिमीटरचा नट बहुतेकांना सोयीचा असतो, पण माझ्या बोटांना ४४ची सवय आहे आणि छेडताना शेजारची तार लागत होती. एका मिलिमीटरसाठी अडून बसणं विचित्र वाटेल, पण रोजच्या वादनात तोच मिलिमीटर बोटाला सापडतो.

दुसऱ्या दुकानात गोल पाठीची गिटार हाती आली. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ साली ओव्हेशन गिटार सुरू केली. लाकडी पाठ आणि बाजूंऐवजी कृत्रिम पदार्थाचं एकसंध भांडं, वर लाकडी तबकडी. उथळ भांड्याचीही मिळते. मंचावर तिचा आवाज मला आवडतो, पण बसून वाजवताना ती मांडीवरून घसरत राहिली आणि सावरायला मी पुन्हा खांदाच वापरू लागले. पट्टा लावून उभ्याने वाजवणाऱ्यांना ही अडचण येणार नाही.

याच दुकानात एक वापरलेली गिटार दिसली आणि मी जवळजवळ तीच घेऊन आले असते. पाठीला मऊ बाक, गळा हातात विरघळणारा. केबल न लावता तिन्ही तुकडे वाजवले, सुरेख. केबल लावली तरी स्ट्रमिंग छानच. मग संथ तुकडा छेडताना मधेच एक पायरी गाळल्यासारखं वाटलं. प्रत्येक तार एकसारख्या जोराने, एकेकटी, सहावीपासून पहिलीपर्यंत वाजवली. तिसरी तार अर्ध्याने हळू. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. केबल काढून ऐकलं तर तिसरी तार ठणठणीत.

सॅडलच्या (पेटीवर तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाली पिएझोची पातळ पट्टी असते. वरून तारांचा दाब पडतो आणि कंपनांचं रूपांतर विजेच्या संकेतात होतं. सॅडलचा तळ सपाट नसेल किंवा खाचेत कचरा असेल, तर एखाद्या तारेखाली दाब कमी पडतो आणि केबलमधून तीच तार मुकी होते. विक्रेत्याने मिडचं बटण वर केलं. त्याने सगळ्याच तारा वर गेल्या, तिसरी आपली मागेच. हा दोष बटणांनी जात नाही. सॅडल काढून तळ सपाट घासला तर बहुधा जातो, आणि ते जाणकार कारागिराचं काम आहे. "घेऊन जा, मग करून देतो," असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, आधी करा, मग मी परत येते. तुम्हीही असंच म्हणा. स्ट्रमिंग करून ही गोष्ट कळत नाही, सहा तारा सुट्या छेडल्या तरच कळते.

तिसऱ्या दुकानात आम्ही पोचलो तोवर दुपार कलली होती आणि माझे कान थकले होते. पाऊण तास काही न ऐकता बसलो. ही विश्रांती घ्याच. थकलेल्या कानाला चकचकीत ट्रेबलवाली गिटार उगाच आवडते.

इथे जी घेतली तिचं मॉडेल सांगून फारसा उपयोग नाही, कारण त्याच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी शेजारी होत्या आणि दोघींचे स्वभाव निराळे निघाले. एकीच्या वरच्या तारा टोचत होत्या. दुसरी समतोल होती. म्हणून दुकानात त्याच मॉडेलचा दुसरा नग असेल तर तोही काढायला सांगा. आणि जो वाजवून पसंत केला तोच बांधून घ्या. आतून 'तसाच, सीलबंद' आणून देतात तो वेगळा नग असतो.

आता तपासणी. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून तारांची उंची मोजली. सहावी सुमारे अडीच मिलिमीटर, पहिली दोनच्या आत. हे मला हवं तसं. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबत गेले. कुठे जवारीसारखी झणझण आली तर ती कोणत्या फ्रेटला येते ते लक्षात ठेवायचं. सगळीकडे थोडी असेल तर गळ्यातला ट्रस रॉड (गळ्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून निघू शकते, एकाच जागी असेल तर तो फ्रेट उंच-सखल आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळतो का, ते पाहिलं. साउंडहोलच्या (पेटीवरच्या भोकाच्या) कडेवर बोट फिरवून लाकडाच्या रेषा बघितल्या. वरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरत असतील तर वरची फळी अखंड लाकडाची, मधे आडवे थर दिसले तर लॅमिनेट. पातळ गिटारीत मी लॅमिनेटला नाक मुरडत नाही. ती कमी थरथरते, म्हणून मोठ्या आवाजात शिटी (स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारा फीडबॅक) कमी घालते आणि ओल-कोरडही बरी सोसते.

शिटीची परीक्षा मात्र दुकानदाराला विचारूनच करा. अँप कार्यक्रमाइतका वाढवला, त्याच्याकडे तोंड करून चार-पाच फुटांवर उभी राहिले, तारा हाताने न दाबता मोकळ्या सोडल्या. आधी हलका घुमारा, मग हूंऽऽ असा वाढत जाणारा आवाज. अंग थोडं वळवलं की थांबला. पातळ पेटी शिटीला उशीर करते, पण वरची फळी कंप पावते तोवर ती पूर्ण जात नाही. म्हणून प्रीअँपवर (गिटारीतच बसवलेल्या, बटणांच्या छोट्या अँपवर) फेजचं, म्हणजे संकेत उलटा करणारं बटण किंवा नॉच फिल्टर, म्हणजे शिटीचा तेवढाच स्वर कापणारी सोय, आहे का ते बघा. नसेल तर साउंडहोलमध्ये बसणारं रबरी झाकण जवळ ठेवा.

पट्टा लावून उभीही राहिले. काही पातळ गिटारींचं अंग हलकं आणि गळा जड असतो. हात सोडला की डोकं खाली झुकतं आणि डाव्या हाताला ते सतत पेलावं लागतं. खांदा वाचवायला जाऊन मनगट दुखवून घ्यायचं नाही. ही सरळ राहिली. कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ताईच्या पट्टीतला तुकडा वाजवला. ती गायली. दुकानात गाणं तिला आवडत नाही, पण ती पूर्ण कडवं गायली आणि म्हणाली, "हीच."

शेवटी सेलचा कप्पा उघडून नवा सेल घातला आणि जॅक हलवून पाहिला. केबल हलली की खरखर येत असेल तर जॅकचं नट ढिलं आहे, ते तिथेच आवळून घ्या.

परतताना गिटार गाडीच्या डिकीत ठेवली नाही, मांडीवर घेतली. बंद गाडीच्या उन्हात डिंक मऊ पडतो आणि ब्रिज (पेटीवर तारा अडकवलेली पट्टी) उचलला जातो.

आता तीन आठवडे झाले. १२च्या तारा काढून ११चा, म्हणजे जरा बारीक तारांचा, संच लावला. वरच्या फळीवरचा ताण कमी झाला आणि बोटांनी छेडताना आवाज खुलला. खांद्याची कळ दुसऱ्या तालमीनंतरच कमी जाणवली. पहिल्या कार्यक्रमात मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) पायाशी आणि साउंडहोलच्या अगदी समोर होता. शिटी आली. मॉनिटर बाजूला सरकवला, फेज बदलला, थांबली.

एक अडचण मात्र घरी आली. तालमीनंतर केबल गिटारीतच राहिली. अशा बहुतेक गिटारींचा प्रीअँप केबल घुसवली की चालू होतो, बंद करायचं वेगळं बटण नसतं. रात्रभर सेल जळत राहिला आणि सकाळी ताई येऊन बसली तेव्हा आवाज आधी फाटका, मग बंद. आता केसमध्ये दोन सेल असतात, आणि झाकणाच्या आत कागदी चिकटपट्टीवर सेल बदलल्याची तारीख लिहिलेली असते. ताईने लिहिली आहे, ठळक अक्षरांत, खाली "केबल काढ" असंही.