शेणावरचं गाव

उपग्रहांवरून जागेची उंची मोजणाऱ्या रोव्हरची काठी चर्चच्या भिंतीजवळ टेकवली, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला आणि कंट्रोलरवर उंची आली साडेआठ मीटरच्या वर. घोळ झालाच, मी मनाशी म्हटलं. सकाळपासून खालच्या शेतांत एक मीटरच्या आसपास आकडे येत होते. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंडमध्ये एवढी उंची येणार कुठून? अँटेनाची उंची भरताना चुकलो असेन म्हणून टेप लावून काठी मोजली, सेटिंग पाहिलं, पुन्हा नोंद घेतली. दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे, पण आकडा तोच.

चर्चची किल्ली घेऊन आलेले आजोबा मजेत बघत उभे होते. म्हणाले, "यंत्र बरोबर आहे तुमचं. देशातला सगळ्यात उंच टेर्प, म्हणजे माणसांनी रचलेली टेकडी, आहे हा. तुम्ही शेणावर उभे आहात."

गावाचं नाव होखेबाइंटुम. चर्च, त्याच्याभोवती थडगी, थोडी घरं, संपलं. पुण्यात असल्या उंचवट्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण समुद्राला बांध घातले गेले ते साधारण इ.स. १००० नंतर. त्याआधी उधाणाचं पाणी थेट शेतात यायचं, म्हणून या किनाऱ्यावरचे लोक शेकडो वर्षं घराखाली चिकणमाती, गोठ्यातलं शेण, राख, खापरं असं टाकत जमीन वर उचलत राहिले. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात याच किनारपट्टीवरच्या लोकांबद्दल लिहिलंय : भरतीला ते जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात, ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे.

मग एकोणिसाव्या शतकात कुणाच्या तरी लक्षात आलं की ही माती म्हणजे आयतं खत आहे. टेर्प खणायचे, माती होड्यांत भरायची आणि कालव्यांतून दूरच्या हलक्या जमिनींना विकायची, असा धंदाच सुरू झाला. इथलं खोदकाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं; त्यात मध्ययुगाच्या आरंभीची थडगी निघाली. चर्चपाशी येऊन फावडी थांबली. म्हणून टेकडीची एक बाजू अजून सुरीनं कापल्यासारखी उभी आहे.

हे ऐकताना मला आमची मराठवाड्यातली गढी दिसायला लागली. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. घराच्या धाब्यावर घालायला, शेतात टाकायला लोकांनी पांढरी माती नेऊन नेऊन गढीला भगदाड पाडलंय. आजोबांना मोडक्या डचमध्ये सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "वर देऊळ नव्हतं का?"

त्यांनी चर्च उघडून दाखवलं. बाराव्या शतकातलं, भिंतींवर जमीनदार घराण्यांच्या मयतांचे १६ कोरीव लाकडी फलक, कुलचिन्हांसकट. शेण वाहणाऱ्यांचा अर्थातच एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरनं त्या बिंदूवर लाल खूण केली : संशयास्पद उंची. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'दोनदा तपासलं, बरोबर आहे. शेण आहे.' साहेबांनी शेवटचं वाक्य तेवढं काढायला लावलं.