पुराची यादी एका जागी आणायचे उद्योग

जुलै 2021 च्या कोल्हापूरच्या पुरात आमच्या तालमीच्या पोरांकडं मदतीची एकच यादी होती, पण व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तिच्या किती याद्या झाल्या ते कुणालाच माहीत नाही. जो तो कॉपी करणार, खाली आपली दोन नावं जोडणार आणि परत ग्रुपवर टाकणार. एका निवारा केंद्रावर ब्लँकेटं तीनदा गेली आणि शाहूपुरीतल्या एका आजींच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचल्या. आजी काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या मे महिन्यात ठरलं की सगळ्यांना एकदम लिहिता येईल असं काहीतरी ऑनलाइन बघायचं, आणि "कॉम्प्युटरचं तुला कळतंय की" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्यांदा इथरपॅड घेतलं. लॉगिन नाही काय नाही, लिंक उघडायची, नाव टाकायचं, प्रत्येकाचा रंग वेगळा, त्यामुळं कुणी काय लिहिलं ते लगेच दिसतंय. पोरं खूश. मग ट्रायलच्या दिवशी आमच्यातल्या एकानं सगळं सिलेक्ट करून त्यावर गुड मॉर्निंगचा मेसेज पेस्ट केला, कसा ते त्यालाबी सांगता येईना. टाइमस्लायडर, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते दाखवणारी पट्टी, मागं ओढला आणि यादी परत मिळाली म्हणून तो वाचला. खरा घोळ पुढं झाला. गूगलनं 2009 ला इथरपॅडवाली कंपनी घेतली तेव्हा त्याचा कोड सगळ्यांना मोकळा झाला, म्हणून आज ते कुणीही आपल्या सर्व्हरवर चालवतंय आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. आम्ही घेतलेल्या सर्व्हरवर बरेच दिवस कुणी हात लावला नाही तर पॅड पुसलं जायचं, तसं वर लिहिलेलंबी होतं, वाचतंय कोण. जूनमध्ये बघतो तर पाटी कोरी.

मग क्रिप्टपॅड. ह्यात मजकूर आपल्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो, सर्व्हरवाल्यालाबी वाचता येत नाही, आणि चावी त्या लिंकमध्येच असते. मी अकाउंट न काढताच डॉक्युमेंट केलं, लिंक कुठं जपली नाही आणि दोन दिवसांनी ब्राउझरची हिस्टरी साफ केली. संपला विषय. चूक माझीच, पण पुराच्या धावपळीत अशी चूक परवडत नाही.

शेवटी गूगल डॉक्सवर आलो. एकावेळी 100 जणांना एडिट करता येतंय, आम्ही तेवीस. (गूगल शीट का नाही म्हणाल तर फोनवर त्या बारक्या चौकटीत ओल्या अंगठ्यानं टाइप करून बघा.) पण लिंक असणाऱ्या कुणालाबी एडिट करता येईल अशी ठेवली आणि तीच लिंक दोनशे जणांच्या ग्रुपवर गेली. एका ताईंनी रात्री फोन करून सांगितलं, "अरे ह्यात कुणाकडं म्हातारी माणसं एकटी आहेत, कुणाचं घर कुलूप लावून मोकळं आहे, सगळं नंबरासकट लिहिलंय, चोराला आयतंच दिलंस की." मला दरदरून घाम फुटला. त्याच रात्री लिंक बंद केली, चौघांना जीमेलनं एडिटचा हक्क दिला, बाकीच्यांना फक्त कमेंट, आणि फोन नंबर, पत्ते वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये, जे फक्त आम्ही चौघं बघतो. इथरपॅड अजून वापरतो, पण मीटिंगमधलं कच्चं लिहायला, तेवढ्यापुरतं.

अजून एक. लाइट जाते, रेंज जाते, त्यामुळं चौघांच्याबी फोनवर ते डॉक्युमेंट आधीच ऑफलाइनला टाकून ठेवलंय, ऐनवेळी ते होत नाही. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका 43 फूट, तर 39 ला पाणी लागलं की यादीचा प्रिंट काढून तालमीत चिकटवायचा असा नियमच केलाय.

आमच्या काकांना मात्र हे सगळं दाखवून झालं तरी ते अजून फोनच करतात. "मला ती लिंकबिंक नको, मी सांगतो तू लिही." मग मी लिहितो, काकांच्या नावानं.