आमची वाटचाल : तंबूतला सिनेमा

आमची टुरिंग टॉकीज वडिलांनी सुरू केली. एक ट्रक, त्यात पक्कं बसवलेलं ३५ एमएमचं मशीन, जनरेटर, तंबू, पडदा आणि भोंगा, एवढंच भांडवल. दिवाळी झाली की ट्रक निघायचा आणि पावसाआधी घरी यायचा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत एकाच मैदानावर ओळीने तंबू लागायचे. आमच्या नायकाचा संवाद चालू असताना शेजारच्या तंबूतलं गाणं ऐकू यायचं. प्रेक्षकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

खरी कला ऑपरेटरची. तेव्हा उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्या जळत जळत आखूड होतात, म्हणून दोन टोकांमधलं अंतर हाताने सारखं राखावं लागतं. जरा नजर हटली की पडदा अंधारतो. तीन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १६ हजार फूट फिल्म. जुन्या प्रिंटला जोड इतके असायचे की प्रत्येक खेळाआधी आमचे ऑपरेटरकाका रीळ बोटांमधून सरकवत तपासायचे. त्यांच्याइतकं बारीक काम मी नंतर कुठे पाहिलं नाही.

गर्दी व्हायची ती दादा कोंडक्यांच्या आणि देवादिकांच्या चित्रपटांना. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, पाठोपाठ गावोगाव व्हिडिओ आला, आणि देवांचे चित्रपट बघायला तंबूत येणाऱ्या बायका कमी झाल्या. पुढे केबल, मग मोबाइल. आमच्यासोबतचे कितीतरी मालक या काळात थांबले. कुणी ट्रक विकला, कुणी मशीन भंगारात घातलं. ते बघवत नव्हतं.

तरी सर्वांत मोठा घाव फिल्मच संपल्याचा. २०१३ मध्ये फुजीफिल्मने चित्रपटांची फिल्म बनवणं बंद केलं, वितरकांकडे नव्या प्रिंट येईनाशा झाल्या. चांगलं चालणारं मशीन आणि त्यावर लावायला चित्रपट नाही! कर्ज काढून आम्ही डिजिटल प्रोजेक्टर घेतला. त्याला धूळ सोसत नाही, जनरेटरचा दाब वरखाली झालेला चालत नाही, आणि यात्रेच्या मैदानात या दोन्हींना तोटा नसतो. म्हणून ट्रकमधली मशीनची खोली आम्ही नव्याने बंदिस्त करून घेतली. पण डिजिटलमुळेच, पूर्वी शहरात चालून झिजलेली प्रिंट आमच्या वाट्याला यायची, तिथे आता नवा चित्रपट शुक्रवारीच लागू लागला. गावातल्या पोरांना हे मिळालं याचा मला अभिमान आहे.

२०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, यात्राही थांबल्या. तंबू गुंडाळून पडला तर कापड कुजतं, म्हणून आम्ही तो अधूनमधून अंगणात पसरत होतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातली थिएटरं उघडली आणि मग हळूहळू यात्राही भरू लागल्या.

धंदा टिकला तो यात्रेमुळे. देवदर्शन, पाळणा, मिठाई आणि सिनेमा हा क्रम अजून मोडलेला नाही. घरी मोबाइल असलेली माणसंही इथे पोरंबाळं घेऊन सतरंजीवर बसतात, शिट्ट्या मारतात. आता अडचण जागेची आहे. मैदानं बांधकामात जातात, उरलेल्या जागेच्या लिलावात मोठे पाळणेवाले पुढे असतात. यात्रा समित्यांना आमची विनंती एवढीच, की तंबूची जागा लिलावाबाहेर ठेवा आणि ठरावीक भाड्याने द्या. दोन ठिकाणी ती मान्य झाली आहे, तिसरीकडे बोलणं चालू आहे.