ब्रेक दाबला की दिवे गुल

आडगाव नाक्यावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये निफाडकडची एक कांद्याची ट्रॉली आली. तक्रार अशी : रात्री मागचे दिवे नीट लागतात, पण ब्रेक दाबला की दोन्ही विझतात. पहाटेच्या धुक्यात आग्रा रोडने पिंपळगावच्या मार्केटला जाताना हे फार वाईट, कारण मागच्याला इशारा द्यायच्या क्षणीच ट्रॉली दिसेनाशी होते.

बल्ब बदलून झाले होते, ब्रेकचा स्विचही. लाईटचं बटण बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला, तर ट्रॉलीचा दिवा मिणमिणला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचे टेल लॅम्पही हलके लागले. तिथेच कळलं, ट्रॉलीची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वाट, गेली आहे.

होतं असं. दिव्यात १२ व्होल्टचा डबल फिलामेंट बल्ब असतो, ब्रेकच्या तारेला २१ वॅट, टेलच्या, म्हणजे रात्री कायम लागणाऱ्या मागच्या दिव्याच्या तारेला ५ वॅट. अर्थिंग दोन्हीला एकच. ती तुटली की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि टेलच्या वायरीने ट्रॅक्टरच्या दिव्यांतून परततो. रात्री टेल चालू असताना तोच प्रकार उलट्या दिशेने, ब्रेकच्या वायरीतून. ५ वॅटच्या फिलामेंटचा रोध जास्त, त्यामुळे बहुतेक व्होल्टेज त्यालाच मिळतं आणि दिवे ठीक वाटतात. ब्रेक दाबला की दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट. फरकच उरत नाही, मग करंट वाहणार कुठून?

या ट्रॉलीला अर्थिंगची वायरच नव्हती. सगळी भिस्त हुकाच्या पिनवर, आणि तिथे गंज नि ग्रीसचा थर. जोडणी तपासताना मल्टीमीटरचा बीप वाजला म्हणून अर्थिंग चांगली समजू नये. बीपचा करंट किरकोळ असतो, तर दोन ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. मीटर व्होल्टवर ठेवून काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब होल्डरच्या बॉडीला लावायची आणि टेल चालू ठेवून ब्रेक दाबायचा. अर्धा व्होल्ट चालेल. इथे जवळपास १२ दिसले.

सात पिनच्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन अर्थिंगची. तिथून २.५ चौरस मिमीची वायर ट्रॉलीत नेली आणि प्रत्येक होल्डरला वेगळी जोडली. ट्रॅक्टरकडूनही तीच पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरीच्या टोकाची लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) पिळून नव्हे, क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून. चेसिसवरचा रंग खरवडून दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. आधी ग्रीस लावणारे बरेच भेटतात. हुकाजवळ वायरीला वळणापुरती ढील हवी, पण ती जमिनीला घासता कामा नये.

एका होल्डरमध्ये बल्ब उलटा ठोकलेला निघाला. त्याचे दोन खिळे मुद्दाम वर-खाली असतात, जोर केला तरच उलटा बसतो. मग टेल २१ वॅटचा नि ब्रेक ५ वॅटचा होतो. एलईडी दिवे मालकांना हवे होते. ते लवकर पेटतात; साधा बल्ब पूर्ण उजळायला साधारण पाव सेकंद घेतो, तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी चार मीटर पुढे आलेली असते. पण इंडिकेटरही एलईडी केले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले) भरभर मारतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला.

फाळक्याच्या कडेला लाल रिफ्लेक्टिव्ह टेप रुंदीच्या दोन्ही टोकांपर्यंत चिकटवली. तिला करंट लागत नाही. एक गोष्ट मात्र आमच्या हातात नव्हती : ताडपत्री नेहमी दिव्यावर लोंबते. ती फाळक्याच्या वरच बांधायला सांगितलं आणि त्यासाठी दोन कड्या वेल्ड करून दिल्या.