तीन फाट्यांचा नियम आणि दाढांचा हिशेब: पेन्सिल्वेनियातल्या हरणांची हंगामपूर्व नोंद

जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांनी हरणांची गणती संपली आहे, फोटोंची छाननी अर्ध्यावर आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरच्या) शनिवारी रायफलने शिकारीचा हंगाम उघडेल, त्याआधी मारलेल्या हरणांचं वय जबड्यावरून नोंदवायचे तक्ते तयार हवेत.

नियमाची पार्श्वभूमी थोडक्यात. 2002 साली पेन्सिल्वेनिया गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने, शिंगांची अट घातली: शिंगाला ठरावीक फाटे नसतील तर नर मारायचा नाही. गॅरी आल्ट तेव्हा हरीण विभाग सांभाळत होते. त्याआधी मारले जाणारे दहातले आठ नर दीड वर्षाचे असत. पहिली शिंगं आली की नर गेलाच. आज जवळपास दोन तृतीयांश नर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. अटीचं हे यश निर्विवाद आहे.

बहुतेक राज्यात एका शिंगाला किमान तीन फाटे लागतात. फाटा बुडापासून टोकापर्यंत किमान 1 इंच हवा. मुख्य दांड्याचं (ज्यातून फाटे फुटतात त्याचं) टोक मात्र आखूड असलं तरी धरायचं. पश्चिमेच्या 1ए, 1बी, 2ए, 2बी आणि 2डी या शिकार-विभागांत ब्राउ टाइन, म्हणजे शिंगाच्या बुडाशी कपाळालगत येणारा पहिला फाटा, सोडून त्याच्या वर तीन लागतात. प्रत्यक्षात नजर अशी ठेवा: पश्चिमेत ब्राउ टाइनच्या वर दोन उभे फाटे स्पष्ट दिसले की दांड्याचं टोक धरून तीन होतात. इतरत्र ब्राउ टाइन, एक उभा फाटा आणि टोक एवढ्यावर भागतं, आणि घोळ इथेच होतो. ब्राउ टाइन कानाआड किंवा कपाळाच्या केसांत लपतो, संधिप्रकाशात मागची डहाळी फाट्यासारखी दिसते. नर चरताना मान खाली असते तेव्हा मोजू नका. डोकं वर करून किंचित वळेपर्यंत थांबा. मोजणी दुर्बिणीने करा, बंदुकीच्या स्कोपने कधीही नाही. खात्री नसेल तर नर सोडून द्यायचा. तरीही चूक झालीच, तर 12 तासांच्या आत कमिशनला कळवावं लागतं. ज्युनियर शिकाऱ्यांना अट सैल आहे, त्यांचे आकडे तक्त्यात वेगळे ठेवा, नाहीतर दीड वर्षाच्या नरांचं प्रमाण फुगलेलं दिसतं.

कॅमेऱ्यांची रूढ पद्धत म्हणजे 100 एकरांमागे एक कॅमेरा, मका टाकून 10 ते 14 दिवस. पण क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या विभागांत हरणांना खाऊ घालायला बंदी आहे, तिथे कॅमेरे वाटांवरच लावावे लागतात आणि आकडा ढोबळ राहतो. हिशेब सोपा आहे. शिंगांवरून वेगवेगळे नर ओळखायचे. समजा ते 12 निघाले. नरांचे एकूण फोटो 150 आणि माद्यांचे 300, म्हणजे दुप्पट, तर माद्याही दुप्पट, साधारण 24. ऑगस्टअखेर शिंगं पूर्ण वाढलेली असतात म्हणून ओळख पटते, पण पाडसं अजून आईबरोबर सतत फिरत नाहीत. त्यामुळे पाडसांचा आकडा या गणतीतून घेऊ नका.

जबड्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे, असं आमचं स्पष्ट मत आहे. नियम फाटे मोजतो, आपल्याला हवं असतं वय. फांद्या छाटायच्या कात्रीने खालचा जबडा मोकळा करा आणि टॉर्च धरून एका बाजूच्या दाढा मोजा. सहापेक्षा कमी असतील तर पाडस. सहा भरल्या असतील तर पुढून तिसरी पाहा: झिजलेली आणि तीन भागांची असेल तर ती दुधाची, वय दीड वर्ष. दोन भागांची पण शेजारच्यांपेक्षा पांढरी, झीज नसलेली असेल तरीही दीडच, दूधदाढ नुकतीच पडलेली असते. दोन भागांची आणि झिजलेली असेल तर अडीच किंवा जास्त; मग चौथ्या दाढेच्या जिभेकडच्या कंगोऱ्यावर डेंटिनची (दाताच्या आतल्या थराची) तपकिरी पट्टी एनॅमलच्या पांढऱ्या बाह्य थरापेक्षा रुंद आहे का ते बघायचं. रुंद असेल तर साडेतीन किंवा पुढे. त्यापुढचं वय झिजेवरून सांगण्यात फार चुका होतात, म्हणून तक्त्यात ‘साडेतीन+’ एवढंच लिहा. रोगाच्या विभागातून डोकं बाहेर नेता येत नाही, तिथे तपासणी जागेवरच उरका.

वय का हवं, ते मिसिसिपीत दिसलं. 1995 पासून तिथे चार फाट्यांची अट होती. सुपीक जमिनीवर दीड वर्षाचे दमदार नरच चार फाटे गाठत आणि मारले जात. किरकोळ शिंगांचे वाचत. त्याच पिढीची पुढच्या वर्षांतली शिंगं सरासरीने लहान निघाली. पुढे त्यांनी शिंगांच्या आतल्या रुंदीवर (दोन दांड्यांमधल्या अंतरावर) आणि दांड्याच्या लांबीवर अट बसवली. टेक्सासच्या काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) 2002 पासून किमान 13 इंच आतली रुंदी धरतात. कान टवकारलेले असताना टोकापासून टोकापर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं, म्हणून लांबूनही अंदाज येतो. एका तरी शिंगाला फाटा नसेल तर तो नर तिथे मारलेला चालतो. ही अट आम्हाला जास्त पटते.

कळपाची संख्या मात्र शिंगांच्या अटीने कमी होत नाही. हरणांच्या चरण्याने ओकची रोपं गुडघ्यापर्यंतही येत नसतील तर माद्या मारण्याचे परवाने वापरलेच पाहिजेत. आणि रोग असलेल्या भागात मोठे नर राखणं धोक्याचं: त्यांच्यात लागण जास्त आढळते. मिसुरीने 2004 मध्ये आणलेली चार फाट्यांची अट रोगाच्या काउंट्यांतून याच कारणाने उठवली.

या हंगामापासून तक्त्यात एक रकाना वाढवतोय: दीड वर्षाच्या नराच्या दांड्याचा व्यास, बुडाच्या कड्यापासून 1 इंच वर, कॅलिपरने मिलिमीटरमध्ये. चारा कमी पडू लागला की हा आकडा लवकर घसरतो.