आमची वाटचाल : शेपटीमागे धावताना

आम्ही दोघं, एक खोली, एक जुना फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप. गिऱ्हाईकांकडून काम एकच घ्यायचं ठरवलं होतं, कॉमेट ॲसे, म्हणजे पेशीतला डीएनए किती तुटलाय ते मोजणारी चाचणी. पेशी काचेच्या स्लाइडवर अगारोजमध्ये, म्हणजे एका जेलीत, बसवायच्या, मीठ आणि डिटर्जंटने त्यांचं आवरण नि प्रथिनं काढायची (हे लायसिस) आणि उरलेला डीएनए विजेच्या प्रवाहात ठेवायचा. तुटका डीएनए धनाग्राकडे ओढला जातो, रंग दिला की धूमकेतूची शेपटी दिसते. ओस्टलिंग आणि योहान्सन यांनी ही पद्धत १९८४मध्ये मांडली. १९८८मध्ये सिंग आणि सहकाऱ्यांनी द्रावणाचा पीएच १३च्या वर नेला आणि डीएनएच्या दोनपैकी एकाच धाग्यातली तुटही दिसू लागली.

पहिल्याच मोठ्या कामात फजिती झाली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्या कंट्रोल पेशींनाही शेपट्या! आधी अगारोजला दोष दिला, मग बफर बदलला. शेवटी भागीदारीणबाईंच्या लक्षात आलं की खिडकीकडच्या रांगेतल्या स्लाइड्सच बिघडतात. लायसिसला जाण्याआधी त्या उन्हात पडून राहायच्या. नुकसान आम्हीच करत होतो आणि आम्हीच मोजत होतो. त्या दिवसापासून काम मंद पिवळ्या उजेडात, बर्फावर.

बर्फाचं कारण आणखी एक. जिवंत पेशी उबेत राहिली तर तुटलेले धागे स्वतःच सांधते, बरेचसे तासाभरात. एकदा बर्फ वितळलेला डबा आला, तेव्हा नमुना परत मागवला. गिऱ्हाईक चिडलं, पण इलाज नव्हता.

पुढे एफपीजी एन्झाइम आणलं. डीएनएतल्या ग्वानीन या घटकाचं ऑक्सिडेशन झालेलं असेल त्या जागी ते धागा कापतं, म्हणून एरवी न दिसणारं नुकसान शेपटीत उतरतं. दोन्ही धागे तुटल्याची शंका असेल तर अशा तुटीपाशी जमणाऱ्या गॅमा-एच२एएक्स या प्रथिनाचे ठिपके मोजतो. ८-ऑक्सो-डीजी, म्हणजे ऑक्सिडेशन झालेलं ग्वानीन, थेट मोजणारं एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानाने ओळखणारं तंत्र) मात्र घेत नाही. डीएनए वेगळा काढतानाच हवेतल्या ऑक्सिजनने आकडा फुगतो, आणि तो आवरण्याइतका हात आमचा अजून बसलेला नाही.

परवा एकांनी फोन केला: शेपटी आली नाही, तर रिपोर्टात ‘नुकसान नाही’ असं लिहून द्या. त्यांचं रसायन क्रॉसलिंक करणारं. असे धागे एकमेकांना जखडले की डीएनए सरकतच नाही, शेपटी उलट आखूड होते. आम्ही पेशींवर डीएनए तोडणारं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पुन्हा बघू म्हटलं. त्यानेही शेपटी नेहमीइतकी लांबली नाही, तर जखडलंय हे कळेल. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय.