इंजिन आणि मोटर, शेजारी शेजारी

आज वर्कशॉपमध्ये एकाच टेबलावर चार सिलिंडरचं उघडलेलं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक गाडीची मोटर पाहिली. इंजिनात पिस्टन, 16 व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन. मोटरमध्ये फिरणारा भाग एकच, रोटर. भोवती तांब्याची घट्ट वेटोळी. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन बोटाला काळा लागला.

चांगल्यातलं चांगलं पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम 40 टक्के ऊर्जा कामाला लावतं, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जाते. मोटर 90 टक्क्यांच्या पुढे जाते. तरी पेट्रोल टिकून आहे, कारण किलोभर पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॅट-तास ऊर्जा मावते आणि किलोभर लिथियम-आयन सेलमध्ये साधारण पाव किलोवॅट-तास. सगळा पेच या वजनात आहे! म्हणून रोजच्या वापराच्या गाड्या बॅटरीवर जातील याबद्दल मला शंका नाही, पण लांब पल्ल्याची विमानं आणि मालवाहू जहाजं इतक्यात जाणार नाहीत.

हायड्रोजनचं मला मनापासून कौतुक आहे. पण विजेने पाणी फोडायचं, वायू 700 बार दाबाने टाकीत भरायचा, फ्युएल सेलमधून पुन्हा वीज करायची. यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच संपते. आणि तोच हायड्रोजन इंजिनात जाळला तर धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं उरतातच. स्वच्छ वीज आधीच कमी पडतेय. ती थेट बॅटरीत जाऊ शकते तिथे हायड्रोजनचा आग्रह धरू नये, असं माझं ठाम मत आहे.